हॅलिफॅक्सचा स्फोट आणि कादंबरीतील न्याय

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील हॅलिफॅक्स हे शहर ब्रिटिशांनी १७४९ मध्ये वसवले ते मुळात लष्करी ठाणे म्हणून. समुद्रातून आत शिरणारे लांबट बंदर, त्याच्या पोटात 'नॅरोज' नावाची चिंचोळी जलवाट आणि तिच्यापलीकडे पसरलेले बेडफर्ड बेसिनचे विस्तीर्ण, सुरक्षित पाणी, अशी येथील रचना आहे. हिवाळ्यातही हे बंदर गोठत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, जर्मन पाणबुड्यांच्या धोक्यामुळे जहाजे काफिल्याने युरोपकडे पाठवण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा बेडफर्ड बेसिन हे त्यांच्या जमवाजमवीचे एक प्रमुख ठिकाण बनले. सुमारे पन्नास हजार वस्तीचे हे शहर युद्धावर पोसले जात होते. उत्तरेकडील रिचमंड भागात गोद्या, रेल्वेचे रूळ, कारखाने आणि कामगारांची लाकडी घरे होती. दक्षिणेकडे व्यापारी, अधिकारी व जुनी प्रतिष्ठित घराणी राहत होती. दोहोंच्या मध्ये सिटाडेल नावाची किल्ल्याची टेकडी उभी होती. ६ डिसेंबर १९१७ च्या सकाळी कोण मेले आणि कोण वाचले, हे बऱ्याच अंशी या भूगोलाने ठरवले. या दिवसावर उभी असलेली ह्यू मॅक्लेनन यांची 'बॅरोमीटर रायझिंग' ही १९४१ मधील कादंबरी समजून घेतानाही हा भूगोल ध्यानात ठेवावा लागतो.

त्या सकाळी 'माँ ब्लाँ' हे फ्रेंच मालवाहू जहाज काफिल्यात सामील होण्यासाठी बेडफर्ड बेसिनकडे निघाले होते. न्यूयॉर्कहून आलेले हे जहाज आदल्या संध्याकाळी बंदराच्या तोंडाशी उशिरा पोहोचले. तोवर पाणबुडीरोधक जाळ्यांची दारे बंद झाल्यामुळे त्याला रात्र बाहेरच काढावी लागली. त्याच्या पोटात पिक्रिक अ‍ॅसिड, टीएनटी आणि गनकॉटन ही स्फोटके ठासून भरलेली होती, तर डेकवर बेंझोलची पिंपे रचलेली होती. स्फोटक मालाची खूण असलेले लाल निशाण त्याच्यावर नव्हते. शत्रूच्या हेरांना सुगावा लागू नये म्हणून युद्धकाळात ते टाळले जाई. त्याच वेळी बेल्जियममधील युद्धग्रस्तांच्या मदतकार्यासाठी भाड्याने घेतलेले 'इमो' हे रिकामे नॉर्वेजियन जहाज बेसिनमधून बाहेर पडत होते. ते चुकीच्या बाजूने येत होते. दोन्ही जहाजांनी शिट्ट्यांनी एकमेकांना इशारे दिले, वळण घेण्याचा प्रयत्न केला, आणि पावणेनऊच्या सुमारास नॅरोजमध्ये त्यांची टक्कर झाली. टक्कर फारशी जबर नव्हती. परंतु 'इमो' मागे सरताना लोखंडाच्या घर्षणातून ठिणग्या उडाल्या आणि फुटलेल्या पिंपांतील बेंझोलने पेट घेतला. 'माँ ब्लाँ'चे खलाशी होड्यांतून डार्टमथच्या किनाऱ्याकडे निघून गेले. जळते जहाज वाहत वाहत रिचमंडच्या सहा क्रमांकाच्या धक्क्याला लागले.

पुढची सुमारे वीस मिनिटे शहर ती आग पाहत होते. कामगार थबकले, मुले शाळेच्या वाटेवर उभी राहिली, बायका खिडक्यांच्या काचांशी आल्या. नऊ वाजून चार मिनिटांनी जहाज फुटले. सुमारे तीन हजार टन टीएनटीएवढ्या शक्तीचा हा स्फोट अण्वस्त्रांच्या पूर्वीच्या काळातील मानवनिर्मित स्फोटांत सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी एक मानला जातो. रिचमंड जमीनदोस्त झाले. बंदराचे पाणी लाटेच्या रूपाने किनाऱ्यावर चढले. कोसळलेल्या लाकडी घरांना घराघरांतील पेटत्या शेगड्यांनी आग लावली. जहाजाच्या नांगराचा अर्ध्या टनाहून जड तुकडा साडेतीन किलोमीटरांहून अधिक अंतरावर जाऊन पडला. किमान १,७८२ माणसे मेली, सुमारे ९,००० जखमी झाली. खिडकीतून आग पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत काचा घुसल्या. डोळ्यांच्या इजांची संख्या सुमारे ५,९०० होती. दुसऱ्या दिवशी हिमवादळ आले आणि ढिगाऱ्यांखाली जिवंत असलेल्यांवर सुमारे ४० सेंटिमीटर बर्फ साचले.

ह्यू मॅक्लेनन त्या वेळी दहा वर्षांचे होते. त्यांचा जन्म १९०७ मध्ये नोव्हा स्कोशियातील केप ब्रेटन बेटावर, ग्लेस बे या कोळसाखाणींच्या गावी झाला. वडील डॉक्टर होते, आणि १९१५ मध्ये हे कुटुंब हॅलिफॅक्सला आले होते. पुढे डलहौसी विद्यापीठ, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड आणि नंतर प्रिन्स्टन असा त्यांचा शिक्षणप्रवास झाला. त्यांचा विषय अभिजात ग्रीक-रोमन विद्या हा होता. प्रिन्स्टनमधील त्यांचा प्रबंध रोमन अमलाखालील इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या नगराच्या आर्थिक-सामाजिक इतिहासावर होता. साम्राज्याच्या दूरच्या कडेला असलेले नगर हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता, ही गोष्ट हॅलिफॅक्सवरील कादंबरी वाचताना अर्थपूर्ण वाटते. आधी लिहिलेल्या त्यांच्या दोन कादंबऱ्यांना प्रकाशक मिळाला नव्हता. त्यांतील जग कॅनडापेक्षा युरोप-अमेरिकेचे अधिक होते. स्वतःला ठाऊक असलेल्या भूमीबद्दल लिहावे, असा आग्रह पत्नी डॉरथी डंकन यांनी धरला, आणि मॅक्लेनन बालपणीच्या शहराकडे वळले.

कादंबरीचे कथानक २ ते १० डिसेंबर १९१७ या नऊ दिवसांत घडते. विभागांना वारांची नावे आहेत आणि प्रकरणांवर वेळ नोंदलेली आहे. नील मॅक्रे हा तरुण अधिकारी फ्रान्समध्ये मेला असे सर्वजण समजून आहेत. प्रत्यक्षात तो ओळख लपवून हॅलिफॅक्सला परतला आहे. रणांगणावरील एका फसलेल्या हल्ल्याचा ठपका त्याचा मामा आणि वरिष्ठ अधिकारी कर्नल जेफ्री वेन याने त्याच्यावर ठेवलेला आहे. आज्ञाभंगाचा हा डाग पुसायचा तर एका साक्षीदाराची गरज आहे, आणि तो साक्षीदार म्हणजे केप ब्रेटनचा धिप्पाड, सरळमार्गी बिग अलेक मॅकेन्झी. कर्नलची मुलगी पेनी गोदीत जहाजांचे आराखडे तयार करते. नील आणि पेनी यांना एक मुलगी आहे. नीलला तिची माहिती नाही, आणि जगाच्या दृष्टीने ती पेनीच्या नातलगांची दत्तक मुलगी आहे. पेनीवर प्रेम करणारा, हाताला जखम होऊन परतलेला, मद्यासक्त लष्करी डॉक्टर अँगस मरे हे या कथेतील सर्वांत प्रगल्भ पात्र. पेनीचे पूर्ण नाव पेनेलोपी आहे. युद्धावरून ओळख लपवून परतणारा योद्धा आणि वाट पाहणारी पेनेलोपी यांतून होमरच्या 'ओडिसी'चा सांगाडा अभिजात विद्येच्या या अभ्यासकाने उघडपणे वापरला आहे.

घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या या रचनेचा परिणाम असा होतो, की वाचकाला जे ठाऊक आहे ते पात्रांना ठाऊक नसते. पात्रे आपापल्या प्रेमात, वैरात आणि लाजेत गुंतलेली असताना वाचक गुरुवारची वाट पाहत राहतो. प्रत्यक्ष स्फोटाच्या वर्णनात मॅक्लेनन पात्रांना बाजूला ठेवतात. तेथे भाषा जवळपास पदार्थविज्ञानाची होते: जमिनीतून गेलेला हादरा, हवेचा दाब, उसळलेले पाणी, आग. कोणाची किंकाळी नाही, कोणाचा दृष्टिकोन नाही. निर्जीव शक्तींना माणसाशी काही देणेघेणे नसते, ही जाणीव या तटस्थ निवेदनातून जेवढी होते तेवढी कोणत्याही विलापातून झाली नसती. कादंबरीतील ही पाने आजही तिच्या सामर्थ्याचा मुख्य पुरावा आहेत.

परंतु त्या पानांनंतर कादंबरी स्वतःच्याच जाणिवेपासून दूर जाते. आंधळा म्हणून चितारलेला स्फोट कथानकात मात्र डोळसपणे वागतो. दुष्ट कर्नल वेन आपल्या सेक्रेटरीच्या शय्येवर मरतो. दत्तक आईवडील मरतात, मुलगी वाचते, आणि ती आपल्या खऱ्या मातापित्यांकडे परत येण्याचा मार्ग मोकळा होतो. बिग अलेक प्राणांतिक जखमी होतो, पण नीलला निर्दोष ठरवणारी साक्ष देईपर्यंत जगतो. मरे जखमी हातानेही शस्त्रक्रिया करत राहतो आणि त्याचा आत्मविश्वास परततो. पेनीच्या डोळ्याला इजा होते, पण तिचे आयुष्य तिला परत मिळते. न्यायालयाला जे जमले नसते ते 'माँ ब्लाँ'च्या पोटातील पिक्रिक अ‍ॅसिड करून दाखवते. शेवटी रेल्वेने आपल्या मुलीकडे निघालेले नील आणि पेनी दिसतात. वायुभारमापकातील पारा चढू लागला की आभाळ निवळण्याची चिन्हे असतात. शीर्षकाचा अर्थ हाच.

इतिहासात असा न्याय झाला नाही. स्फोटानंतर आठवड्याभरात, १३ डिसेंबरला, न्यायमूर्ती आर्थर ड्रिस्डेल यांच्यापुढे चौकशी सुरू झाली. फेब्रुवारी १९१८ मधील निष्कर्षाने सारा दोष 'माँ ब्लाँ'वर टाकला. तिचा कप्तान एमे ल मेदेक, वाटाड्या फ्रान्सिस मॅके आणि बंदरातील वाहतुकीचे नियंत्रण करणारा नौदल अधिकारी एव्हन वायट यांच्यावर मनुष्यवधाचे आरोप ठेवले गेले. ते टिकले नाहीत. त्याच वर्षी तिघेही सुटले. 'इमो'चा कप्तान आणि त्याचा वाटाड्या स्फोटातच मेले होते, त्यामुळे त्यांची बाजू त्यांच्या तोंडून कोणी ऐकू शकले नाही. त्या दिवसांत सक्तीच्या सैन्यभरतीवरून इंग्रजीभाषक कॅनडा आणि फ्रेंचभाषक क्वेबेक यांच्यात तीव्र तेढ होती, आणि १७ डिसेंबरची सार्वत्रिक निवडणूक याच प्रश्नावर लढवली जात होती. फ्रेंच जहाज दोषी ठरवण्यामागे या वातावरणाचा वाटा होता, असे मत पुढील अभ्यासकांनी मांडले आहे. शहरात घातपाताच्या अफवा होत्या आणि तेथील जर्मन रहिवाशांची धरपकडही झाली. दिवाणी दावा पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९२० मध्ये दोन्ही जहाजे सारखीच दोषी ठरली. दोघेही सारखे दोषी याचा मृतांच्या घरी पोहोचणारा अर्थ असा, की कोणीच पुरेसे दोषी नाही.

कॅनडाच्या बंदरात, कॅनडाच्या माणसांचा जीव घेणाऱ्या अपघाताचा अखेरचा शब्द लंडनमध्ये उच्चारला गेला, ही बाब कादंबरीच्या मुख्य आशयाशी थेट जोडलेली आहे. कॅनडाचे प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारे अपील १९४९ मध्ये बंद झाले. भारताचेही त्याच वर्षी झाले, म्हणून भारतीय वाचकाला या परावलंबनाची कल्पना वेगळी करून द्यावी लागत नाही. मॅक्लेनन यांच्या दृष्टीने कर्नल वेन हा एक वसाहती वृत्तीचा नमुना आहे. इंग्लंडला तो आपले खरे घर मानतो आणि जन्मभूमीला तुच्छ लेखतो. नील आणि पेनी हे हाताने व बुद्धीने काही घडवणारे, युरोपच्या युद्धातून भ्रमनिरास होऊन परतलेले नवे कॅनेडियन आहेत. ब्रिटन आणि अमेरिका यांना जोडणारा दुवा म्हणून कॅनडाला भविष्य आहे, असा विचार कादंबरीत वारंवार येतो. कादंबरी १९४१ मध्ये आली तेव्हा कॅनडा पुन्हा युद्धात होता आणि बेडफर्ड बेसिनमध्ये पुन्हा काफिले जमत होते. मात्र १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने मिळालेल्या वैधानिक स्वातंत्र्यानंतर हे युद्ध कॅनडाने स्वतःच्या संसदेमार्फत स्वीकारले होते. अशा वेळी १९१७ चा विध्वंस हा राष्ट्राच्या जन्मवेदनेचे रूप घेऊन वाचकांपुढे आला.

संकटातून समाज बदलतो, ही कल्पना मॅक्लेनन यांच्या आधीच हॅलिफॅक्सच्या संदर्भात मांडली गेली होती. सॅम्युएल हेन्री प्रिन्स या धर्मोपदेशकाने कोलंबिया विद्यापीठासाठी केलेला अभ्यास १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. आपत्तीचा समाजशास्त्रीय दृष्टीने पद्धतशीर विचार करणारे हे आरंभीचे लेखन समजले जाते. आपत्ती रूढ घडी मोडते आणि बदलाला वाट करून देते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याला आधारही होता. मॅसॅच्युसेट्समधून त्याच रात्री निघालेली मदतगाडी हिमवादळातून वाट काढत ८ तारखेला पोहोचली. या मदतीची आठवण म्हणून नोव्हा स्कोशियाकडून १९७१ पासून दरवर्षी बॉस्टनला नाताळचे झाड पाठवले जाऊ लागले. १९१८ मध्ये मदत आयोग स्थापन झाला, आणि उद्ध्वस्त भागात नगररचनाकार टॉमस अ‍ॅडम्स यांच्या योजनेनुसार 'हायड्रोस्टोन' ही पक्क्या घरांची नवी वसाहत उभी राहिली. कॅनडातील अंधांची राष्ट्रीय संस्था १९१८ मध्ये उभी राहिली. तिच्या निर्मितीमागे युद्धात दृष्टी गमावून परतलेले सैनिक होते, आणि हॅलिफॅक्समध्ये आंधळ्या झालेल्यांमुळे तिच्या कामाची निकड वाढली.

पण हा बदल कोणाच्या वाट्याला आला, हा प्रश्न राहतोच. डार्टमथच्या बाजूला, टफ्ट्स कोव्ह येथे मिकमॉक या आदिवासी समाजाची जुनी वस्ती होती. ती स्फोटाने आणि लाटेने पुसून टाकली आणि पुन्हा कधी वसली नाही. बेडफर्ड बेसिनच्या काठावरील आफ्रिकव्हिल ही कृष्णवर्णीयांची वस्ती पुनर्बांधणीच्या लाभांपासून जवळपास वंचित राहिली. १९६० नंतरच्या दशकात नगरपालिकेनेच ती पाडून टाकली. त्याबद्दल शहराने औपचारिक क्षमा मागितली ती २०१० मध्ये. कादंबरीच्या प्रमुख पात्रांत या दोन्ही वस्त्यांतील कोणी नाही. रिचमंडचे कामगार तिच्यात आहेत, पण ते मुख्यतः मरण्यासाठी येतात. वेन घराण्याची दक्षिणेकडील हवेली मात्र उभी राहते आणि तिचे तात्पुरते रुग्णालय होते. येथे कादंबरीने इतिहासाशी प्रामाणिकपणा राखला आहे, कारण दक्षिणेकडील भागाची हानी खरोखरच कमी झाली होती. म्हणूनच कर्नलला शिक्षा करायची तर लेखकाला त्याला स्वतःच्या घराबाहेर काढावे लागते. भूगोल श्रीमंतांच्या बाजूने होता. कादंबरीकाराने त्यावर केलेली ही दुरुस्ती आहे. वाचकाच्या नीतिभावनेला ती सुखावते, आणि त्याच क्षणी खरी विषमता दृष्टीआड करते.

या ठिकाणी साहित्य आणि इतिहास यांच्या नात्याचा एक पेच उभा राहतो. स्फोटानंतर लगेच डलहौसी विद्यापीठातील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक आर्चिबाल्ड मॅकमेकन यांच्या देखरेखीखाली एक नोंद कार्यालय उघडण्यात आले. त्यांनी प्रत्यक्षदर्शींच्या हकिकती गोळा केल्या आणि इतिहास लिहायला घेतला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही; ग्रंथरूपाने वाचकांपुढे आला तो १९७८ मध्ये. दरम्यानच्या दशकांत कॅनडाच्या अनेक वाचकांना हॅलिफॅक्सचा स्फोट कळला तो मॅक्लेनन यांच्या पानांतून. १९५८ मध्ये 'न्यू कॅनेडियन लायब्ररी' या मालेत समावेश झाल्यावर ती वर्गांतही पोहोचली. जेथे इतिहास अप्रकाशित राहतो तेथे कादंबरीच स्मृतीचे काम करू लागते, आणि तिच्यातील योजना, तिची काव्यात्म शिक्षा आणि तिची आशाही स्मृतीचाच भाग बनतात. जॅनेट किट्झ यांच्या १९८९ मधील इतिहासग्रंथाने मृतांच्या अंगावर सापडलेल्या वस्तू आणि वाचलेल्यांच्या आठवणी यांच्या आधारे हा समतोल बऱ्याच अंशी सावरला.

मराठी वाचकाला या पेचाचे एक जवळचे उदाहरण आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचे दोन प्रचंड स्फोट झाले. हे जहाज १९४२ मध्ये कॅनडातच, ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्स रूपर्ट येथे बांधलेले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. येथेही युद्धकाळाची गुप्तता होती, येथेही आग लागल्यापासून स्फोटापर्यंत अवधी मिळाला होता, आणि येथेही मजुरांची वस्ती व बाजार होरपळले. मृतांच्या आकड्याबाबत आजही एकवाक्यता नाही. आग विझवताना मेलेल्या ६६ अग्निशामकांची आठवण १४ एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनी केली जाते. गोदीतील हमालांसाठी असा स्वतंत्र दिवस नाही. हॅलिफॅक्समध्येही रेल्वेगाडी थांबवण्यासाठी तारयंत्रापाशी परतलेल्या आणि तेथेच मेलेल्या व्हिन्सेंट कोलमन या कर्मचाऱ्याचे नाव घरोघर पोहोचले, आणि टफ्ट्स कोव्हमधील मृतांची नावे बराच काळ कोणाच्या तोंडी नव्हती. स्मृती निवड करते. कादंबरी त्या निवडीला आकार देते, म्हणून तिची जबाबदारी मोठी ठरते.

एवढे म्हटल्यावरही 'बॅरोमीटर रायझिंग'चे महत्त्व उणावत नाही. स्वतःच्या गावातील रस्ते, टेकडी, धुके आणि माणसे ही गंभीर कादंबरीचा विषय होऊ शकतात, हा विश्वास कॅनडाच्या लेखकांना देणाऱ्या कृतींत तिची गणना होते. मॅक्लेनन यांनाही ती अपुरी वाटली असावी, असे त्यांच्या पुढील लेखनाकडे पाहून वाटते. हॅलिफॅक्सच्या चौकशीत डोकावलेली इंग्रजी-फ्रेंच दरी या कादंबरीत जवळपास अस्पर्श राहिली होती. १९४५ मधील 'टू सॉलिट्यूड्स' या कादंबरीचा तो मुख्य विषय झाला, आणि त्या कादंबरीला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. राष्ट्र एका धक्क्यात जन्मत नाही, ते दोन एकाकीपणांच्या दीर्घ वाटाघाटीतून घडते, असा अधिक कठीण विचार तेथे आहे.

रिचमंडवरील फोर्ट नीडम टेकडीवर १९८५ मध्ये स्मारक घंटाघर उभारण्यात आले. ६ डिसेंबरला सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी लोक तेथे जमतात. प्रांताच्या पुराभिलेखागाराने मृतांच्या नावांची स्मृतिनोंदही तयार केली आहे. त्या यादीत पापी-पुण्यवान असा क्रम नाही. एकाच घरातील आई आणि मुले एकाखाली एक येतात. मॅक्लेनन यांची कादंबरी या यादीच्या शेजारी ठेवून वाचली, म्हणजे तिच्यातील न्याय ही माणसाची गरज होती हे कळते, आणि स्फोटाकडून तो कधीच मिळणार नव्हता हेही कळते.